ग्लिसरीन : एका उप-उत्पादनाचा इतिहास

औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा मुख्य मालाभोवती फिरत असते. कापूस, कोळसा, पोलाद, साखर ह्यांचे इतिहास विपुल आहेत. परंतु मुख्य माल तयार होत असता त्याच्याबरोबर जो दुसरा पदार्थ आपोआप बाहेर पडतो, त्याला सामान्यतः तळटीपेपलीकडे स्थान मिळत नाही. ग्लिसरीन हा असाच एक पदार्थ होय. आपल्या घरांतून ते थंडीत फुटलेल्या ओठांवर किंवा तोंड आले असता लावावयाचे औषध म्हणून परिचित आहे. चित्रपटसृष्टीत कृत्रिम अश्रूंचे साधन म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तीन हायड्रॉक्सिल गटांचे एक साधे अल्कोहॉल आहे. ह्या घरगुती पदार्थाने मेणबत्ती, साबण, लस, सुरुंग, तोफेची दारू आणि खोकल्याचे औषध अशा परस्परांशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत गेल्या दोन शतकांत संचार केला आहे. तो ज्या क्रमाने झाला, त्यामागे काही एक सूत्र आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. नाव आणि अर्थ

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. ‘अल्कोहॉल’ हा शब्द अरबी ‘अल्-कुहल’ ह्यापासून आला. त्याचा मूळ अर्थ डोळ्यांत घालावयाचे सुरम्याचे अतिसूक्ष्म चूर्ण असा होता. पुढे कोणत्याही पदार्थाच्या सूक्ष्म, शुद्ध अंशाला ते नाव मिळाले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मद्याच्या अर्काला ते लावले आणि हळूहळू मूळ अर्थ लोपून हा नवा अर्थच रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात ह्या नावाची व्याप्ती पुन्हा बदलली. १८३४ मध्ये द्यूमा आणि पेलिगो ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी लाकडापासून मिळणारा अर्क हा मद्याच्या अर्काचा सजातीय असल्याचे दाखविले, तेव्हापासून अल्कोहॉल हे एका पदार्थाचे नाव न राहता एका कुळाचे नाव झाले.

मराठीतील ‘मद्यार्क’ हा शब्द ह्या कुळातील एकाच व्यक्तीला, म्हणजे एथिल अल्कोहॉलला, शोभतो. ग्लिसरिनाला मद्यार्क म्हणता येणार नाही. त्याने कोणाला मद चढत नाही. म्हणून येथे कुळासाठी ‘अल्कोहॉल’ आणि त्या एका पदार्थासाठी ‘मद्यार्क’ असा भेद पाळला आहे. हा भेद केवळ पारिभाषिक शिस्तीसाठी नाही. एका कुळातील दोन पदार्थांपैकी एक पोटात जाण्यास निरुपद्रवी आणि दुसरा प्राणघातक असू शकतो, ही गोष्ट पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे.

‘ग्लिसरीन’ हे नाव गोड ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. १८९२ च्या जिनिव्हा येथील परिषदेत सेंद्रिय संयुगांच्या नामकरणाचे नियम ठरले आणि अल्कोहॉलांच्या नावाअंती ‘ऑल’ हा प्रत्यय आला. त्यानुसार शास्त्रीय नाव ‘ग्लिसरॉल’ असे झाले. व्यापारात मात्र जुनेच नाव टिकले. ह्याच नावाचे एक अपत्यही आहे. १८५६ मध्ये व्यूर्त्झ ह्याने मद्यार्क व ग्लिसरीन ह्यांच्या मधल्या पायरीवरील, दोन हायड्रॉक्सिल गटांचा पदार्थ तयार केला आणि दोन्ही नावांचे तुकडे जोडून त्याला ‘ग्लायकॉल’ असे नाव दिले. हे नातेवाईक पुढे पुन्हा भेटतील.

२. शोध आणि स्वरूप

इ. स. १७७९ मध्ये स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शीले ह्या औषधविक्रेत्याने ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडाबरोबर, तापविले. शिशाचा मलम बनविण्याची ही जुनी रीत होती. असंख्य औषधशाळांतून ती चालत आली होती. शीलेचे वैशिष्ट्य हे की, मलम वेगळा काढल्यावर उरलेले पाणी त्याने फेकून दिले नाही. ते आटविले असता त्याला एक गोड, घट्टसर द्रव मिळाला. इतर तेले व चरबी ह्यांपासूनही तोच पदार्थ निघतो आणि साखरेप्रमाणे त्याचे स्फटिक होत नाहीत, हे त्याने पाहिले व १७८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने त्याला तेलांतील मधुर तत्त्व म्हटले. म्हणजे ह्या पदार्थाची पहिली ओळख जिभेने पटविली.

ह्या गोडीचे रासायनिक स्थान शेव्हरल ह्याने निश्चित केले. प्राणिज मेदांवरील त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेद म्हणजे वसाम्ले आणि ग्लिसरीन ह्यांचा संयोग असून साबण बनविताना अल्क वसाम्लांना घेऊन जाते व ग्लिसरीन मोकळे सुटते, असे त्याने सिद्ध केले. ‘ग्लिसरीन’ हे नाव त्याचेच. पेलूझ ह्याने १८३६ मध्ये त्याचे घटक-सूत्र ठरविले. बेर्तलो ह्याने १८५४ मध्ये उलट दिशेने जाऊन, ग्लिसरीन व वसाम्ले ह्यांच्या संयोगाने प्रयोगशाळेत मेद घडविले आणि ग्लिसरिनाचा एक रेणू अम्लाच्या तीन रेणूंशी संयोग पावतो हे दाखविले. त्याच सुमारास ते तीन पदरी अल्कोहॉल आहे हे मान्य झाले.

मद्यार्काशी ग्लिसरिनाचे आणखी एक नाते १८५८ मध्ये पाश्चरने उघड केले. साखरेच्या किण्वनात मद्यार्काबरोबर थोडे ग्लिसरीनही निर्माण होते. हे प्रमाण अल्प असल्यामुळे त्या वेळी त्याला व्यवहारात महत्त्व नव्हते. साठ वर्षांनी ते आले.

३. टाकाऊ पाणी आणि त्याचे मोल

येथे थोडे गणित आवश्यक आहे. स्टिअरिक अम्लाच्या मेदाचा रेणुभार सुमारे ८९० आणि ग्लिसरिनाचा ९२. म्हणजे शंभर किलो चरबी फोडली असता सुमारे दहा किलो ग्लिसरीन मिळते. खोबरेल तेलातील वसाम्ले लहान रेणूंची असल्यामुळे तेथे हे प्रमाण तेरा-चौदा किलोंपर्यंत जाते. ह्या अंकांचा आर्थिक अर्थ स्पष्ट आहे. दहा टन ग्लिसरीन हवे असेल तर शंभर टन मेद फोडला पाहिजे आणि उरलेल्या मालासाठी गिऱ्हाईक शोधले पाहिजे. ग्लिसरिनाची मागणी दुप्पट झाली म्हणून कोणी दुप्पट अंघोळ करीत नाही. ग्लिसरीन किती निघावे हे साबण आणि मेणबत्ती ह्यांच्या खपावर ठरते, स्वतः ग्लिसरिनाच्या गरजेवर नव्हे.

आरंभीच्या काळात गरजच नव्हती. शेव्हरलच्या संशोधनामुळे स्टिअरिनाच्या कडक मेणबत्त्यांचा धंदा उभा राहिला. त्याने व गे-ल्यूसॅक ह्याने १८२५ मध्ये त्याचे एकस्वही घेतले. मेणबत्त्यांच्या कारखान्यांतून ग्लिसरीनयुक्त पाणी गटारात सोडले जाई. साबणाच्या कारखान्यांतही मीठ टाकून साबण वर आणल्यावर खाली राहणाऱ्या खाऱ्या पाण्याची तीच गत होती. लहान प्रमाणावर, थंड पद्धतीने साबण करणाराच्या मालात ग्लिसरीन साबणातच राहून जाई. शीलेने जे पाणी राखून ठेवले, ते त्याच्यानंतर दोन पिढ्या उद्योगाने वाहू दिले.

१८५४ मध्ये हे बदलू लागले. त्या वर्षी टिल्घमन ह्याने केवळ पाणी व उष्णता ह्यांच्या योगाने मेद फोडण्याची रीत काढली, आणि लंडन येथील प्राइस मेणबत्ती कंपनीचा जॉर्ज विल्सन ह्याने अतितप्त वाफेच्या साहाय्याने ग्लिसरिनाचे ऊर्ध्वपातन करून ते शुद्ध स्वरूपात मिळविले. त्यामुळे शिशाचा अंश नसलेले, पोटात देण्याजोगे ग्लिसरीन बाजारात आले. ते सुकत नाही, आंबत नाही, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, हवेतील ओलावा धरून ठेवते आणि अनेक औषधे विरघळविते. ह्या गुणांमुळे औषधशाळेत त्याचा प्रवेश झाला. तथापि औषधशाळा जेवढे ग्लिसरीन घेई, त्यापेक्षा मेणबत्त्यांतून निघणारे कितीतरी अधिक होते.

४. लस आणि सुरुंग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लिसरिनाला दोन मोठे उपयोग सापडले. एकाने प्राण राखले. दुसऱ्याने डोंगर फोडले आणि पुढे माणसेही.

देवीची लस त्या काळी बहुधा हातावरून हातावर दिली जाई. एका मुलाच्या फोडातील लस दुसऱ्याला टोचल्याने उपदंशासारखे रोग पसरण्याचे भय असे. वासराच्या अंगावर वाढविलेली लस हा उपाय होता. परंतु तीत इतर जंतू शिरत व ती लवकर बिघडे. सिडनी मंक्टन कोपमन ह्याने १८९१ मध्ये दाखविले की, ही लस ग्लिसरिनात काही आठवडे ठेवली असता इतर जंतू मरतात, पण लसीचा गुण टिकतो. इंग्लंडच्या १८९८ च्या लसीकरण कायद्याने ग्लिसरीनयुक्त वासरू-लस पुरविण्याची तरतूद केली. सक्तीच्या लसीकरणाला असलेल्या लोकविरोधाची धार बोथट करण्यात ह्या साध्या द्रवाचा वाटा होता, हे राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा उपयोग तूरिन येथे सुरू झाला. पेलूझचा शिष्य आस्कानियो सोब्रेरो ह्याने १८४७ मध्ये ग्लिसरिनावर नायट्रिक व सल्फ्युरिक अम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून नायट्रोग्लिसरीन मिळविले. त्याने ते जिभेला लावून पाहिले आणि तीव्र डोकेदुखीची नोंद केली. रक्तवाहिन्या प्रसरण पावल्याचे ते लक्षण होते. १८७९ मध्ये विल्यम मरेल ह्याने हृदयशूळावर ह्याच पदार्थाचा उपयोग वैद्यकापुढे मांडला. परंतु त्यापूर्वीच आल्फ्रेड नोबेल ह्याने त्याचा दुसरा गुण हाती घेतला होता. १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळील त्याच्या कारखान्यात स्फोट होऊन त्याचा धाकटा भाऊ एमिल इतरांबरोबर मृत्यू पावला. १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन सच्छिद्र मातीत जिरवून केलेल्या डायनामाइटाचे एकस्व नोबेलने घेतले. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, तेव्हा बोगदे खोदणारांच्या हाती काळी दारूच होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या शोधाने कोणता पालट घडविला ह्याची कल्पना येईल.

शंभर भाग ग्लिसरिनापासून तत्त्वतः २४७ भाग नायट्रोग्लिसरीन होते. खाणी, कालवे, बोगदे ह्यांच्या कामांनी ग्लिसरिनाची मागणी अशी वाढविली की, साबणवाल्यांनी आपले खारे पाणी आटवावयास आरंभ केला. १८८९ मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी कॉर्डाइट तयार झाले. त्याच्या मूळ कृतीत शेकडा ५८ भाग नायट्रोग्लिसरीन होते. निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला कॉर्डाइटचा कारखाना हा ह्याच साखळीचा भारतातील दुवा होय.

५. युद्धकाळातील दुर्भिक्ष

पहिल्या महायुद्धात उप-उत्पादनाच्या ह्या बंधनाचे परिणाम पूर्णपणे दिसून आले. दारूसाठी ग्लिसरीन हवे, ग्लिसरिनासाठी मेद हवा, आणि मेद तर माणसाच्या ताटातही हवा. जर्मनीची समुद्रमार्गे नाकेबंदी झाल्यामुळे तेथे हा पेच प्राणांतिक झाला. त्यातून कॉनस्टाइन व ल्यूडेके ह्यांची किण्वन-पद्धती पुढे आली. किण्वन चालू असता सोडियम सल्फाइट घातले म्हणजे यीस्टचा ओघ मद्यार्काकडून ग्लिसरिनाकडे वळतो. कार्ल नॉयबेर्ग ह्याच्या संशोधनाने त्याचे कारण उलगडले. पाश्चरने नोंदविलेला अल्प अंश अशा रीतीने मुख्य माल बनविण्यात आला आणि बीटच्या साखरेपासून महिन्याला सुमारे हजार टन ग्लिसरीन काढले गेले. युद्ध संपताच हा उद्योग मावळला, कारण शांततेच्या काळात साबणाखालच्या पाण्याशी किमतीत त्याची बरोबरी होणे शक्य नव्हते.

ह्याच दुर्भिक्षातून एक कुप्रसिद्ध अफवा जन्मास आली. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या प्रमुख वृत्तपत्रांनी असे छापले की, जर्मन लोक रणांगणावरील स्वतःच्या सैनिकांची प्रेते उकळून त्यांपासून ग्लिसरीन व इतर पदार्थ काढतात. एका जर्मन वार्तेतील ‘कादावर’ ह्या शब्दावर ही कथा उभी होती. जर्मन वापरात तो सामान्यतः जनावराच्या कलेवरासाठी येतो. डिसेंबर १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांनी जर्मनीचा इन्कार पार्लमेंटमध्ये मान्य केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझी संहाराच्या खऱ्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा ह्या जुन्या असत्याच्या स्मृतीने अनेकांना संशयी बनविले. ग्लिसरीन किती दुर्मिळ झाले आहे हे त्या वेळच्या वाचकाला ठाऊक होते. म्हणूनच ती कथा त्याला शक्य वाटली, हे येथे नोंदवावेसे वाटते.

१९४२ पासून अमेरिकेत गृहिणींना स्वयंपाकातील उरलेली चरबी साठवून खाटकाकडे देण्याचे आवाहन करण्यात आले. हेतू तोच होता.

६. मुख्य माल आणि पुन्हा उप-उत्पादन

मेदाच्या बंधनातून ग्लिसरिनाला सोडविण्याचा यशस्वी औद्योगिक प्रयत्न १९४८ मध्ये झाला. त्या वर्षी शेल कंपनीने टेक्सासमधील ह्यूस्टन परिसरात खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्रोपिलिनापासून ग्लिसरीन बनविण्याचा कारखाना चालू केला. ह्यापुढे ग्लिसरिनाचा भाव कृत्रिम मालाच्या खर्चावर ठरेल आणि चढउतारांचे युग संपेल, अशी अपेक्षा होती.

ती अर्धशतकच टिकली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात व अन्यत्र वनस्पति-तेलांपासून वाहनांचे इंधन बनविण्यास सरकारी उत्तेजन मिळाले. तेलावर मेथिल अल्कोहॉलची क्रिया केली म्हणजे इंधन वेगळे होते आणि दर शंभर किलो इंधनामागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन उरते. मेणबत्तीच्या काळचेच गणित पुन्हा अवतरले. बाजारात कच्च्या ग्लिसरिनाचा पूर आला आणि कृत्रिम ग्लिसरिनाचे कारखाने बंद पडले. इतकेच नव्हे, तर पूर्वी ज्या एपिक्लोरोहायड्रिनापासून ग्लिसरीन करीत, तेच आता ग्लिसरिनापासून करण्याचे कारखाने निघाले. औद्योगिक रसायनशास्त्रात एवढा सरळ उलटा प्रवाह क्वचितच आढळतो.

७. गोडीचा घात

आतापर्यंतचे विवेचन भावाचे व पुरवठ्याचे झाले. परंतु ह्या इतिहासाची खरी किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा विचार अद्याप राहिला आहे.

ग्लिसरिनाचा एक दूरचा आप्त म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल. तो स्वच्छ, घट्टसर आणि चवीला गोड आहे. औषधे विरघळविण्याचा गुणही त्याच्या अंगी आहे, आणि शुद्ध ग्लिसरिनापेक्षा तो सहसा स्वस्त मिळतो. मात्र तो मूत्रपिंडांचा नाश करतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध त्यात विरघळवून ‘एलिक्झिर’ ह्या नावाने विकले. कंपनीने चव, रंग व वास तपासले. विषारीपणा तपासला नाही. एकशे पाच माणसे मेली, त्यांत चौतीस बालके होती. त्या वेळच्या कायद्यात औषध निर्धोक असण्याची अट नव्हती. सरकारला ते जप्त करता आले ते नावामुळे. ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्कात केलेले औषध, आणि ह्यात मद्यार्क मुळीच नव्हता! १९३८ चा अमेरिकन औषध कायदा ह्या प्रकरणातून निघाला.

मुंबईत जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतील व मेंदूतील दाब उतरविण्यासाठी दिलेल्या ग्लिसरिनात हेच विष होते. चौदा रुग्ण दगावले. औषधी दर्जाच्या ग्लिसरिनाच्या जागी औद्योगिक दर्जाचा माल आला होता. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने खरेदी, परीक्षण व अन्न-औषध प्रशासन ह्या तिन्ही ठिकाणची शिथिलता उघड केली. १९९५-९६ मध्ये हैती येथे दूषित ग्लिसरीन घातलेल्या ताप-औषधाने किमान ८८ बालके मरण पावली. २००६ मध्ये पनामात जे घडले त्यात नावाचाच खेळ होता. चीनमधून ‘बदली ग्लिसरीन’ अशा अर्थाच्या आद्याक्षरांनी निघालेला माल तीन खंडांतील तीन व्यापाऱ्यांच्या हातून गेला. वाटेत ती आद्याक्षरे गळाली आणि कागदावर शुद्ध ग्लिसरीन उरले. कोणीही तो तपासला नाही. २०२२ मध्ये गाम्बियातील, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील, बालकांच्या मृत्यूंनी हे प्रकरण संपले नसल्याचे दाखविले. छिंदवाड्याच्या अनेक बालकांवर नागपुरातच उपचार चालू होते.

दुर्भिक्षामुळे बदली माल येतो, एवढेच स्पष्टीकरण येथे पुरत नाही. पनामाच्या वेळी जगात कच्च्या ग्लिसरिनाची रेलचेल होती. परंतु कच्चे ग्लिसरीन म्हणजे औषधी ग्लिसरीन नव्हे. त्यातील क्षार, पाणी व मेथिल अल्कोहॉल काढण्यास खर्च लागतो. जो पदार्थ अनेक दर्जांत, अनेक उद्योगांतून, दुसऱ्याच मालाच्या मागोमाग बाजारात येतो, त्याचे मूळ शोधणे कठीण असते. मुख्य मालाला निर्माता असतो. उप-उत्पादन पुष्कळदा केवळ व्यापाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. ही त्याची जुनी अवस्था आजच्या औषधाच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचली आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, ग्लिसरिनाचे उपयोग त्याच्या गुणांमुळे शक्य झाले, पण ते कधी विपुल वा दुर्मिळ असावे हे इतरांच्या गरजांनी ठरविले. त्याला मुख्य माल बनविण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक शांततेने संपविला, दुसरा इंधनाच्या धोरणाने. दुसरा निष्कर्ष ओळखीविषयीचा आहे. शीलेच्या जिभेला जी गोडी जाणवली, तिच्यावरून पदार्थाला नाव मिळाले. ती गोडी आप्तांतही असल्यामुळे नाव आणि चव ही ओळख म्हणून अपुरी पडली. ग्लिसरिनाचे विशिष्ट गुरुत्व १·२६ आणि डायएथिलीन ग्लायकॉलचे १·१२ आहे. जाड भेसळ साध्या तरकाट्यानेही संशयास्पद ठरावी, आणि सूक्ष्म भेसळीसाठी वर्णलेखनाच्या खात्रीच्या कसोट्या आहेत. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. पिंप हातात घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याच्या कागदावर विश्वास ठेवला, ही होती.

आपल्याकडे ह्या विषयाचे क्षेत्र जवळजवळ अस्पर्श आहे. मुंबईत शिवडी येथे १९३४ मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात साबण निघू लागला. स्वदेशी साबणाचे कारखाने त्याआधीचे आहेत. त्यांच्या खाऱ्या पाण्याचे काय होई, ते कोण विकत घेई, रुग्णालयांच्या खरेदीपत्रांत ग्लिसरिनाचा दर्जा कोणत्या शब्दांत लिहिला जाई, हे प्रश्न कारखान्यांच्या हिशेबवह्या, जकातीची कागदपत्रे आणि निविदांच्या फायली ह्यांतून सुटण्यासारखे आहेत. ते काम रसायनशास्त्र जाणणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाती घेतले पाहिजे. कारण ह्या कागदांतील एका विशेषणाच्या असण्या-नसण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.